आईचं बी

"वांगी आणली असशील तर पिशवी उघडूच नको," झुलाल आबा गच्चीवरूनच म्हणाले.

कुंदाबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकल्या. त्या आबांच्या मेहुणी, पुष्पाबाईंच्या धाकट्या बहीण. अमळनेरजवळच्या खेड्यातून सकाळच्या एसटीने जळगावला आल्या होत्या.

"आणली तर काय बिघडलं दाजी? घरच्या वावरातली आहेत."

"या घरात आईच्या बियाचंच वांगं शिजतं. तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे," कुंदाबाई म्हणाल्या आणि पिशवी भिंतीला टेकवून ठेवली. मग त्यांनी गच्चीवर नजर फिरवली. "बठ्ठं हिरवंगार शे! एक कोपरा रिकामा नाही. अक्का असती तर डोळे चोळून पाहिलं असतं तिने. तुम्ही तर या गच्चीची पायरी चढत नव्हते."

ते खरं होतं.

पुष्पाबाई होत्या तोवर आबा ऑफिसातून येत, पेपर वाचत, जेवत. वर काय उगवतं ते टोपलीतून खाली आलं की दिसे. कोथिंबीर, पुदिना, गिलकी, मिरच्या. बाईसाहेबांची शेती, असं ते शेजाऱ्यांना हसून सांगत. वर्षातून एकदा मात्र ते न चुकता विचारत, "आईचं बी धरलंस ना?"

जळगावला बिऱ्हाड केलं तेव्हा आईने भरताच्या वांग्याचं बी पदराच्या गाठीतून सोडून सुनेच्या हातावर ठेवलं होतं. तेव्हापासून पुष्पाबाई दरवर्षी एक वांगं झाडावरच पिवळं होऊ देत. त्याचं बी राखेत घोळवून डब्यात ठेवत. पहिल्या चंपाषष्ठीला भरीत बिघडलं तेव्हा आबा ताटावरून उठले होते. पुढे ते कधी बिघडलं नाही. पाहुण्यारावळ्यांत आबा सांगत, "चव आहे ती आईच्या बियाची."

पुष्पाबाई मान हलवत. त्या स्वतःचं भरीत वेगळ्या वाटीत घेत. त्यात इतकी मिरची घालत की डोळ्यांतून पाणी येई. "तुझ्या जिभेला काही कळतं का?" आबा म्हणत.

गेल्या वर्षी चैत्रात त्या गेल्या. वर्ष दुखवट्याचं, सण झाला नाही. यंदा आषाढात आबांनी डबा उघडून बी टाकलं. पाऊस सरला तेव्हा त्यांना कळलं, उन्हाचं दिवसाला अकरा बादल्या पाणी वर न्यावं लागतं. पुष्पाबाईंचे गुडघे दुखायचे. आबांनी एक बादली कधी उचलून दिली नव्हती.

योगेंद्र, त्यांचा मुलगा, धुळ्याहून आदल्या दिवशीच आला होता. गच्चीच्या कोपऱ्यात तुरीच्या काड्या पेटवून तो वांगी भाजत होता.

"आबा, ठरल्याप्रमाणे बरं का," तो म्हणाला.

"ठरलंय. भरीत माझ्या आईच्या चवीचं झालं तर मी इथून हलत नाही. नाही झालं तर कुलूप लावतो आणि तुझ्याबरोबर येतो."

"तोडली तेव्हा एखादं चाखून पाहायचं होतं."

"चंपाषष्ठीच्या आधी? चातुर्मासात आपल्याकडे वांगं खातात का? धुळ्याला गेलास आणि खंडोबाला विसरलास."

"मी विचारलं फक्त."

"तुझ्या आईनेही कधी आधी चाखलं नाही."

कुंदाबाई खाली वाकून कांद्याची पात निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

भाजलेली वांगी सोलून आबांनी स्वतः बडजीत, भरताच्या त्या लाकडी भांड्यात, ठेचली. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, पात, कोथिंबीर. शेंगदाणे सोडले तर बाकी सगळं गच्चीवरचं. हात दुखले तरी त्यांनी योगेंद्रला हात लावू दिला नाही. खंडोबाला नैवेद्य दाखवला. तिघं जेवायला बसले.

आबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून पहिला घास घेतला. चावता चावता ते थांबले. पाणी प्यायले. दुसरा घास घेतला.

"आबा..." योगेंद्र म्हणाला.

"कडू आहे. जहर कडू."

योगेंद्रनेही एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"काय चुकलं माझं?" आबा म्हणाले. "पाणी वेळेवर दिलं. शेणखत घातलं. आईने दिलेलं बी, पस्तीस वर्षं चाललं. माझ्या हातात आलं आणि एका वर्षात गेलं."

"जाऊ द्या आबा."

"जाऊ दे कसं? आता कळतं, ती चव बियाची नव्हती. तुझ्या आईच्या हाताची होती. एकदा तरी तिला तसं म्हणायचं होतं मी. एकदा." त्यांनी ताट सरकवलं. "दुपारच्या गाडीने येतो मी. कुंडीतली झाडं शेजारी देऊन टाक."

ते उठू लागले. कुंदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"बसा दाजी. तुमचं काही चुकलेलं नाही."

"समजूत घालू नको."

"समजूत नाही घालत. या गच्चीवर तुमच्या आईचं वांगं दरवर्षी कडूच आलं. अक्काच्या हातूनही. कुंडीतली माती, वरचं ऊन, काय असेल ते. तुम्ही पहिल्या वर्षी ताटावरून उठलात ना, तेव्हापासून तुमच्या ताटात पडलं ते माझ्या वावरातलं. हिवाळाभर मीच पिशवी पाठवायची."

आबांनी सरकवलेलं ताट पुन्हा जवळ ओढलं.

"मग आईची वांगी?" त्यांनी विचारलं. "ती फेकून द्यायची?"

"फेकेल कशी? सासूचं बी, म्हणायची." कुंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तीच खायची ती."