चराईबंदी

"सोड दावं! गाभण हाय ती, वढू नको!" भागीबाई उतारावरून ओरडतच आली.

शेखरनं दाव्याला आणखी एक हिसका दिला. "पकडली की सगळ्यांची शेळी गाभणच असते, मावशी! आज हिला कोंडवाड्यात घालणार म्हणजे घालणार. दंड भरा आणि न्या सोडवून."

"दंड कशानं भरू? तुझ्या बापानं पैका ठिवलाय व्हय माझ्यापाशी?"

"बापावर जायचं काम नाही!"

भागीबाईची ही एकुलती एक शेळी. दंड भरला नाही की कोंडवाड्यातल्या जनावराचा लिलाव होतो, आणि बोली लावायला कसाई टपलेलाच असतो. शेखरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आज त्याचं डोकंच फिरलं होतं. अंबडच्या कारखान्याला शनिवारची सुट्टी, आणि ती एकुलती सुट्टी तो झाडं लावणाऱ्या मंडळाच्या लोकांबरोबर या डोंगरावर पाण्याचे कॅन वाहण्यात घालवायचा. बाकीचे खाली ओढ्याकाठी डबे खायला बसले म्हणून हा वर चक्कर मारायला आला, तर आपटा, शिवण, खैर, सगळ्या रोपांचे शेंडे साफ! आणि बाईसाहेबांची शेळी मजेत रवंथ करत उभी.

"चराईबंदी कळते का चराईबंदी? लेकरासारखी जगवली मी ही झाडं!"

"आन् त्याच्या आधी डोंगर कुनी जगवला? तू? लुनावर बसून येतो, चार खड्डे मारतो, न् डोंगर तुझा झाला?"

शेळीनं पुढचे पाय रोवले आणि मटकन खाली बसली. शेखरनं दावं ओढलं, तशी ती भलत्याच आवाजात ओरडली. मागून पाण्याची पिशवी लोंबताना दिसली, तेव्हा कुठे त्यानं हात आवरला.

"झालं तुझ्या मनासारखं? सर तिकडं!" भागीबाईनं त्याला ढकललंच. पदर खोचून ती शेळीमागे बसली. शेखर दावं सोडून दोन पावलं मागे सरला. पण तिथून निघून जावं तर ती म्हणणार पळाला. तो तसाच उभा राहिला.

करडू धडधाकट निघालं. भागीबाईनं त्याचं नाकतोंड पुसलं, शेळी त्याला चाटायला लागली. पण करडामागून पडायची ती वार काही पडेना. ऊन डोक्यावरून मागं सरकलं, खालून कोणीतरी शेखरला हाका मारून कंटाळलं, तरी पडेना. शेळी नुसती कण्हत होती.

वार आत राहिली की जनावर हाताचं जातं, हे शेखरला कोणी सांगायची गरज नव्हती. वणीकडच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेला तो. गाय व्यायली की वार पडावी म्हणून त्याची आई तिला बांबूचा पाला घालायची. तेही त्याला आठवलं, आणि कशाला आठवलं असं झालं. कारण बांबूचं बेट सगळ्या उतारावर एकच होतं. त्यानं स्वतः लावलेलं, बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं, म्हणून तर शेळीच्या तोंडून वाचलेलं. आणि पान तोडलं तरी गुन्हा, हे वाडीत घरोघर जाऊन बजावून आला होता तोही हाच शहाणा.

भागीबाई बांबूकडे बघत होती, शेळीकडे बघत होती. त्याच्याकडे मात्र चुकूनही बघत नव्हती.

"मागा की मग!" तो खेकसला.

"तुझ्याकडं? माझ्या सासऱ्यानं लावलेला बांबू ट्रक भरभरून नेला तुमच्या शहरातल्या लोकांनी. तवा आमाला कुनी इचारलं नाय. आन् मी तुझ्याकडं पाला मागू? शेळी मेली तरी बेहत्तर!"

"मग मरू द्या!"

"मरू दे! वाडीत सांगते, झाडवाल्यानं गाभण शेळी वढून वढून मारली. मंग बघू तुझं एक तरी झाड उभं ऱ्हातं का!"

म्हातारीचा गळा धरावा असं त्याला वाटलं. शेळीनं मान जमिनीला टेकवली. करडू लटपटत आचळ शोधत होतं, आईच्या पोटाला ढुसण्या देत होतं.

"च्यायला!" म्हणत शेखर बांबूकडे गेला. कुंपणाचे काटे त्यानं नुसत्या हातांनी उपसले, मनगटं रक्ताळली. कोवळ्या काठ्या वाकवून मिळेल तेवढा पाला ओरबाडला आणि भागीबाईपुढे टाकला.

"घाला!"

"तूच घाल. पाला तुझा हाय."

त्यानं घातला. शेळीनं आधी तोंड फिरवलं, मग एक पान ओढून बघितलं, मग त्याच्या हातातून मूठ मूठ खायला लागली. उन्हं कलली तेव्हा एकदाची वार पडली. शेखरला इतकं बरं वाटलं की त्याचाच त्याला भयंकर राग आला.

"चला आता," दावं उचलत तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम. कोंडवाड्यात."

भागीबाईनं करडू उचललं आणि त्याच्या छातीशी दिलं. "चल की. मग हे बी घे. दोघांस्नी कोंड."

करडू पडेल म्हणून त्यानं दोन्ही हातांनी धरलं, तसं दावं सुटलं. करडू त्याच्या शर्टाचं बटण तोंडात धरून चोखायला लागलं. शेळी हळूहळू उठली, कुंपण उघडं होतं तिथून आत शिरली, आणि तिनं बांबूचा शेंडा खाली ओढला.

भागीबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"हाकल की आता!" ती म्हणाली.