मोठं सर्टिफिकेट कुणाचं?

रक्त तपासून घ्यायला खुर्चीत बसल्यापासून त्या गृहस्थांचा पाय नुसता हलत होता.

"हिचा कोर्स दोन वर्षांचा, तुमचा एकाच वर्षाचा. मग मोठं सर्टिफिकेट कुणाचं हो?" त्यांनी थोरल्या असिस्टंटला विचारलं.

"माझंच!" सुईचं पाकीट फोडता फोडता धाकटी असिस्टंट म्हणाली.

"अगं, मी पेशंटवर हात चालवून परीक्षा दिलीय. तुझ्यासारखं बसल्या जागी उत्तरपत्रिकेवर गोल काळे नाही केले," थोरली उसळली.

"बरं, पण रिन्यू कुणाचं आधी करावं लागतं?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

दोघींची अशी जुंपली, की स्पिरिटचा बोळा हातातच वाळून गेला. शेवटी थोरलीनेच भानावर येऊन दुसरा भिजवला नि ती त्यांच्याकडे वळली.



"ही सर्टिफिकेटं बघूनच तुम्ही आम्हाला कामावर ठेवलंत ना, डॉक्टर? मग करा आता बाही वर!"