भरवशाचा माल

हेमसिंगनं काउंटरवरचं पिस्तूल उचललं, ते थेट बायकोच्या कपाळावर रोखलं अन् फिदीफिदी हसला.

“खाली घे!” इस्माईल खेकसला. अकोल्याकडच्या मालेगावातलं हे बंदुकांचं दुकान त्याच्या बापाच्या वेळचं. “रिकामं असलं तरी मानसावर नाही धरत.”

“घरचीच तं हाय, चाचा.” हेमसिंगनं खर्‍याची पिंक दुकानाच्या पायरीवरच टाकली. इस्माईलला शिसारी आली. मिरवायला बंदूक घेणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते, पण या नमुन्याची सार्‍यांवर कडी होती.

लायसन बायकोच्या नावाचं, रुचिकाच्या. हेमसिंगवर मारामारीच्या दोन केसा, त्याला कोण देतं? मग बायकोच्या नावानं काढायचं अन् आपल्या कमरेला लावायचं. थू असल्या मर्दानगीवर!

“अर्ज हिनंच लिवला,” हेमसिंग म्हणाला. “बारावी शिकेल हाय ना! मले त्या कागदाचा लय कटाळा. ठान्यात साहेबानं हिलेच एकटीले अर्धा घंटा आत बसवलं, मी बाहेर माशा मारत. पन चार मयन्यात लायसन हातात!”

रुचिकानं कागदांची पिशवी पुढे सरकवली. “चाचा, कागद वाचून घ्या तेवढे.”

“मंग वाचतो, बेटी.” इस्माईलनं लायसनचं पुस्तक तेवढं तपासलं. बाकीचे कागद तो गिर्‍हाईक गेल्यावर निवांत रजिस्टरला चढवायचा. आजवर कधी अडलं नव्हतं.

पिशवी सरकवताना तिच्या बांगड्या मागे गेल्या. मनगटावर काळेनिळे वळ होते.

“पायरीवरून पडली,” हेमसिंगनं न विचारताच सांगितलं.

मेल्या, पायरीला बोटं असतात काय? इस्माईलच्या जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

हेमसिंगला चकचकीत, लांब नळीचं पाहिजे होतं. रुचिकानं मात्र कोपर्‍यातल्या लहानशा रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं.

“हे अडकत तं नाही न?”

“पिस्तुलात कधी गोळी अडकते. याच्यात भानगड नाही. दाबलं का चाललं.”

“एका हातानं दाबल्या जाते?”

“जाते, बेटी.”

“घे बाप्पा तेच, खिशात तरी मावते,” हेमसिंग म्हणाला. “हिले भाकर धड थापता येत नाही, अन् चालली रिवॉल्वर निवडाले!”

ती हसली नाही. इस्माईललाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज ना उद्या हे जनावर दारू ढोसून हिच्यावरच घोडा दाबणार, अन् माल आपल्या दुकानातला! नाही म्हणावं, तर अकोल्याला जाऊन घेईल.

“तेल मारून देतो,” म्हणून तो आतल्या खोलीत गेला. गोळीच्या बुडावर आपटते ती पिन त्यानं कानशीनं घासून बोथट केली. आता कितीही दाबा, नुसता खटका वाजणार. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं आपल्या हातानं माल बिघडवला, अन् अल्लाकसम, त्याला बरं वाटलं. येऊ दे भांडायला. पोरगी जित्ती तर राहील.

ज्याचं लायसन त्याच्याच हाती माल द्यायचा, हा नियम. रुचिकानं दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर घेतलं.

“ऐन वक्ताले धोका तं नाही देनार न, चाचा?”

इस्माईलला तिच्याकडे पाहवेना. “नाही बेटी. भरवशाचा माल हाय.”

तिनं मान हलवली. हेमसिंगची मोटारसायकल शिरपूरच्या रस्त्याला लागली. इस्माईलनं आधी बादलीभर पाणी ओतून पायरी धुतली, त्या हेमसिंगच्या सात पिढ्या उद्धारल्या, मग रजिस्टर उघडून पिशवी ओतली.

सगळ्यात वर अर्जाची झेरॉक्स होती. अक्षर सुबक, वळणदार. एका ओळीखाली पेनानं दोनदा रेघ ओढलेली.

‘जिवाला धोका कोणापासून: माझे पती हेमसिंग यांच्यापासून.’