सर म्हणतात

सरांच्या गळ्यावर वस्तरा टेकल्यावरच बाबांनी विषय काढला. वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. कानापासून कानापर्यंत फेस लावलेला माणूस उलट बोलत नाही.

"उद्याच्या पालकसभेत मी उभा राहणार आहे, सर. तुमचा तो शुक्रवारचा चर्चेचा तास बंद करा म्हणून सांगणार. शाळेत धर्म नको नि राजकारण नको. बरेच पालक माझ्या बाजूनं आहेत."

सरांनी आरशातून डोळे मोठे केले.

"हलू नका," बाबा म्हणाले.

ते पालक बाबांनीच फितवले होते, याच खुर्चीत बसवून. कुणाची दाढी करता करता, कुणाचे कल्ले सारखे करता करता. हा मास्तर पोरांची डोकी फिरवतोय, उद्या पोरं घरात भांडणं आणतील, असं ते सांगायचे. सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते पटायला लागलं होतं. खरं कारण मात्र त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. बाबा जळत होते.

एकुलती एक लेक. घरात तिला टकळी म्हणायचे, कारण बोलायला शिकल्यापासून तिचं तोंड मिटलंच नव्हतं. शाळा सुटली की दप्तरासकट दुकानाच्या बाकावर येऊन बसायची आणि प्रश्न विचारून बाबांचं डोकं खायची. गिऱ्हाइकं हसायची. बाबा वैतागल्याचं सोंग करायचे आणि आतून फुलून जायचे. धर्म आणि राजकारण सोडून सगळ्याची उत्तरं त्यांनी दिली होती. त्या दोन विषयांना दुकानात बंदी होती. निम्मी गिऱ्हाइकं एका बाजूची, निम्मी दुसऱ्या बाजूची, आणि आपल्या हातात वस्तरा; उगाच कशाला?

मग शाळेत हे सर आले आणि घरात 'सर म्हणतात' सुरू झालं. ताटं मांडताना सर म्हणतात, वेणी घालताना सर म्हणतात. सर म्हणतात, देव रागावेल असं सांगणारी माणसंच जास्त रागीट असतात. सर म्हणतात, मत मागायला कुणी दारात आलं की त्याला आधी चार प्रश्न विचारावेत. बाबा मुकाट्यानं घास चावत ऐकायचे. दर महिन्याला या सरांचे केस तेच कापत होते. सरांना टाळूवर टक्कल पडायला लागलं होतं, एवढाच काय तो बाबांना दिलासा. पण तेवढ्यानं पोट भरत नव्हतं.

एके दिवशी तर कहरच झाला. "सर म्हणतात," टकळी म्हणाली, "मोठी माणसं धर्मावर बोलायचं टाळतात ते भांडणाच्या भीतीनं नाही. त्यांना उत्तरं येत नाहीत म्हणून." बाबांच्या ते जिव्हारी लागलं. ते भरल्या ताटावरून उठले आणि दुसऱ्या दिवसापासून एकेका पालकाच्या कानाला लागले.

आता त्यांनी शेवटचा हात फिरवला, वस्तरा मिटला आणि सरांचा चेहरा जरा जास्तच जोरात पुसला.

"बोला. मोठ्या माणसांना उत्तरं येत नाहीत, असं म्हणालात ना माझ्या मुलीला?"

"मी?" सरांनी हनुवटी चाचपून पाहिली. "अहो, मी वर्गात स्वतःचं मत सांगतच नाही. प्रश्न टाकतो आणि गप्प बसतो. बोलतात मुलं. तुमची मुलगी सगळ्यांत जास्त." मग ते जरा घुटमळले. "खरं सांगू? मला तर तुमचाच हेवा वाटतो."

"माझा?"

"दर शुक्रवारी ती उभी राहते आणि सुरू होते, 'बाबा म्हणतात.' मागच्या वेळी म्हणाली, 'बाबा म्हणतात, आमच्या खुर्चीत बसलं की कुठल्याही देवाचा माणूस मान सारखीच वाकवतो.' वर्ग चिडीचूप. मी एवढी पुस्तकं वाचली, पण मला असं एक वाक्य कधी सुचलं नाही. घरी जाऊन चिडचिड केली मी."

बाबांची छाती फुगली. कित्येक महिन्यांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं. पण ते सुख काही टिकलं नाही. बाबा तसे सरळ गृहस्थ होते.

"हे मी कधी म्हणालोच नाही," ते म्हणाले.

"आणि ते मी नाही म्हणालो," सर म्हणाले.

दोघं आरशातून एकमेकांकडे बघत राहिले.

तेवढ्यात टकळी आली, घरून धुऊन आणलेल्या टॉवेलांची चळत छातीशी धरून. सरांना खुर्चीत बघून ती दारातच थबकली. तिनं दोघांचे चेहरे पाहिले आणि काय ते तिला कळलं.

"घरी सर म्हणतात आणि शाळेत बाबा म्हणतात," बाबा म्हणाले. "मग हे सगळं म्हणतं तरी कोण?"

"मीच."

"मग सरळ तसं सांगायचं की!"

"सांगितलं होतं, बाबा. तेव्हा तुम्ही म्हणालात, गप जेव. आणि वर्गात सगळे हसले." तिनं टॉवेल बाकावर ठेवले. "उद्या सभेत मलाही बोलायचंय. तिथं कोण म्हणतं म्हणून सांगू?"