साठवलेला वेग

"मी वजन दुरुस्त केलं होतं," सिस्टर तिसऱ्यांदा म्हणाली. तिच्यापुढे छापील कबुलीजबाब होता. सही तेवढी व्हायची होती.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "औषधाच्या पंपावर बाळाचं वजन नऊ किलो दिसत होतं, ते आम्हीही पाहिलं. पण गुंगीचं औषध गेलं चौदा किलोच्या हिशोबाने. वेग तुमच्याच हातून बदलला गेला असणार."

दीड वर्षाचं बाळ होतं. घाईघाईत दाखल करताना कुणीतरी अंदाजाने चौदा किलो भरलं. नंतर सिस्टरने बाळाला काट्यावर ठेवून ते नऊ केलं. दोन तासांनी त्याचा श्वास मंदावला. सिस्टरच्याच लक्षात आलं म्हणून ते वाचलं. अजून श्वासाच्या नळीवरच होतं.

टेबलाच्या कडेला पंप बनवणाऱ्या कंपनीची प्रोग्रामर लॅपटॉप उघडून बसली होती. पाच वर्षांपूर्वीचा तिचाच कोड. गेली दहा मिनिटं तिची नजर एका ओळीवरून हलत नव्हती. शेजारी बसलेल्या तिच्या साहेबांनी ते पाहिलं.

"ऑफिसात जाऊन बोलू," ते हळूच म्हणाले.

सिस्टरने पेन उचललं.

"सही करू नका." प्रोग्रामर म्हणाली. "वेग कुणी बदलला नाही. तो बदलायला हवा होता आणि बदललाच नाही."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"वजनावरून औषधाचा वेग निघतो. दर वेळी तो नव्याने काढायचा तर पंपातल्या एवढ्याशा चिपची दमछाक होते. म्हणून मी तो एकदा काढून साठवून ठेवला. वजन बदललं की पुन्हा काढ, असं तीन ठिकाणी लिहिलं. दुरुस्तीच्या ठिकाणी लिहायचं राहिलं. वर वजन नवं दिसतं, आत वेग जुनाच चालू राहतो."

"आणि त्यातून वेळ किती वाचला?" डॉक्टर म्हणाले.

"पापणी लवते ना, त्याहून कमी."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. आता सिस्टर रडेल, निदान चार शब्द सुनावेल, असं प्रोग्रामरला वाटलं. सिस्टरने पेनाला टोपण लावलं.

"वॉर्डात असे अकरा पंप चालू आहेत," ती म्हणाली. "उठा."

दोघी खाटांमधून फिरू लागल्या. सिस्टर वजन आणि पंपावरचा वेग वाचून दाखवायची, प्रोग्रामर कागदावर गुणाकार करायची. सहा खाटा झाल्या. सगळं जुळत होतं.

सातव्या खाटेवर चार वर्षांची चिमुरडी झोपली होती. उशाशी तिची आई स्वेटर विणत होती.

"तेरा किलो," सिस्टर म्हणाली. मग वेग सांगितला.

प्रोग्रामरने गुणाकार केला. खोडून पुन्हा केला. मान वर करेपर्यंत सिस्टरने पंप थांबवला होता आणि मुलीच्या छातीवर हात ठेवून ती श्वास मोजत होती.

आईने सुया खाली ठेवल्या. "उठवू नका हो तिला," ती म्हणाली. "तीन दिवसांनी आज कुठे गाढ झोप लागलीये."