डाव्या दाराचं कुलूप

"कुलूप भक्कम आहे ना?" मिसेस पेनफोल्डनी विचारलं.

"आतून बैल धडकला तरी आधी भिंत पडेल, बाईसाहेब," सायलस डॉ म्हणाला. सायलस आमच्या गावचा सुतार. त्याच्या कामात खोट काढायला सहसा जागा नसे.

खिडकीपाशी हेस्टर शिवण घेऊन बसली होती. आपल्याला कोंडायचं कुलूप आपल्याच घरात बसतंय, हे ती मुकाट बघत होती.

घर खरोखरच तिचं होतं. हॉलीबँक तिच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं बांधलं, म्हाताऱ्या जॉर्ज राजाच्या अखेरच्या वर्षांत. पांढरा गिलावा, दारावर अर्धगोल काच, भिंतीतून अधांतरी निघालेला गोल जिना. त्या गृहस्थाला एकच वेड होतं: डावीकडे जे असेल ते उजवीकडे हवंच. दर्शनी भिंतीत पाचवी खिडकी बसेना, तेव्हा त्यानं तिथे काळ्या रंगात खिडकी रंगवून घेतली. हेस्टरच्या खोलीतही शेकोटीच्या डावीकडे दार, म्हणून उजवीकडे हुबेहूब दुसरं. चौकट, पितळी मूठ, सगळं तेच. फक्त ते उघडत नसे, कारण त्याच्यामागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे नोकरांचा मागचा जिना.

वडील गेले आणि त्यांची बहीण, मिसेस पेनफोल्ड, हेस्टरची पालक म्हणून राहायला आली. सोबत मुलगा पर्सिव्हल. पर्सिव्हल जेवायचा उत्तम, बाकी काही त्याला जमत नसे. पुढच्या वर्षी हेस्टर एकवीस वर्षांची झाली की ती आणि घर, दोन्ही आत्याच्या हातून सुटणार होती. त्याआधी पर्सिव्हलशी लग्न लागलं, की घर नवऱ्याचं.

"हो म्हण, आज कुलूप काढते," आत्या म्हणाली.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर बस शिवत. माझ्या मुलाला घाई नाही."

सायलसनं खोकून मध्येच तोंड घातलं. "बाईसाहेब, त्या खोट्या दाराची चौकट ओलीनं कुजलीय. आलोच आहे तर तीही बघतो. पैसे नकोत."

"फुकट असेल तर बघ," मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही ठोकाठोक चालली. मग किल्ली मिसेस पेनफोल्डच्या कमरेला लागली आणि त्यांची खुर्ची जिन्याच्या माथ्यावर, डाव्या दारासमोर. जेवणाचं ताट त्या स्वतः आत नेत, स्वतः बाहेर आणत. घरच्या नोकरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि नोकरांचंही त्यांच्याविषयी तसंच मत होतं.

हेस्टरचा जीव आत गुदमरायचा. रविवारी तर ती पांढरीफटक पडायची. चर्चची घंटा सुरू झाली की दाराशी येऊन विचारायची, "आत्या, आज तू चर्चला जाणार?"

"मी गेले की पळायला मोकळी, असंच ना? नाही जाणार."

मग हेस्टर परत शिवणाला बसे.

एकदा पाद्री लम्ली स्वतः येऊन सांगून गेले. "तुमची जागा रिकामी दिसते, बाई. पालक माणसानं रविवारी यावं. गावात काय चाललंय ते कानावर पडतं."

"आणि हिला कोण राखेल? तुम्ही?"

लम्लींनी टोपी घातली. "येऊन सांगायचं माझं काम होतं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मोलकरीण डॉर्कस चर्चहून परतली, तेव्हा मिसेस पेनफोल्डनी विचारलं, "काय म्हणाले पाद्रीबुवा?"

"नेहमीचंच. लग्नाची नावं पुकारली, कुणाची हरकत आहे का विचारलं. कुणी बोललं नाही."

"कुणाचं लग्न?"

"गावातल्याच एकाचं. बाकी मला धड ऐकू आलं नाही, पिठाच्या गिरणीवालीचं पोर भोकाड पसरून रडत होतं."

"तीन-तीन रविवार चव्हाट्यावर नाव ओरडून घ्यायचं! सुतार-लोहारांना शोभतं ते. आमच्यात बिशपचा परवाना आणतात आणि एका सकाळी उरकतात."

"हो, बाईसाहेब," डॉर्कस म्हणाली आणि कोळशाची बादली घेऊन मागच्या जिन्यानं वर गेली.

पर्सिव्हलनं परवाना कधीच आणून ठेवला होता. आता हवा होता तो फक्त हेस्टरचा होकार.

बुधवारी हेस्टरचं डोकं दुखत होतं. "दुपारपर्यंत दार उघडू नको, आत्या," ती म्हणाली. सकाळभर मागच्या जिन्यावर पावलं वाजत होती. "किती कोळसे लागतात गं तुम्हाला!" मिसेस पेनफोल्ड खुर्चीतूनच ओरडल्या.

गुरुवारी सकाळी हेस्टरनं आतून टकटक केलं. "आत्या, मी तुझ्याबरोबर चर्चला येते."

मिसेस पेनफोल्डना आनंदानं किल्लीच सापडेना. पर्सिव्हलला अर्ध्या न्याहारीवरून उठवलं. कित्येक दिवसांनी त्या घराबाहेर पडल्या, भाचीचा हात घट्ट धरून.

चर्चच्या फाटकाशी सगळं गाव उभं होतं, रविवारच्या कपड्यांत. लम्ली दारातच थांबले होते. त्यांनी परवाना वाचला आणि घडी घालून परत दिला.

"हे लग्न मला लावता येणार नाही, बाई. हिचं कालच लावलं."

मिसेस पेनफोल्ड हसल्या. "काल ही माझ्या कुलपात होती. आणि पालक मी आहे. माझ्या संमतीशिवाय हिचं लग्न होईलच कसं?"

"पालकानं चर्चमध्ये उभं राहून एकदा 'नाही' म्हटलं, की पुकार रद्द होते. तिन्ही रविवार मी हिचं नाव पुकारलं आणि तुमच्या रिकाम्या जागेकडे बघत थांबलो."

मिसेस पेनफोल्डचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. किल्ली जागेवर होती.

गर्दीतून सायलस डॉ पुढे आला, टोपी काढून हेस्टरच्या शेजारी उभा राहिला.

"कुलपात काही खोट नाही, आत्याबाई," तो म्हणाला. "आणि उजवं दार आता कुरकुरतसुद्धा नाही."