सर्व्हरच्या खोलीचं दार

"सगळे बाहेर थांबा," म्हणत मोकाशीकाकांनी सर्व्हरच्या खोलीचं दार लावून घेतलं.

मला हेच खटकायचं. वीज जाऊन आली की आमच्या छापखान्याचा सर्व्हर नेटवर्कला जोडलाच जायचा नाही आणि त्याची अडनिडी ऑपरेटिंग सिस्टीम काकांखेरीज कुणाला येत नव्हती. निवृत्तीनंतरही बोलावणं यावं म्हणून यांनीच काहीतरी करून ठेवलं असणार!

आज मी दार ढकललंच. काका हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत बसले होते.

"आधी नेटवर्क पूर्ण सुरू होऊ द्यायचं, दहा मिनिटांनी सर्व्हर. एवढंच," ते म्हणाले.

"मग दार कशाला लावता?"

"नोकरीत असताना दार उघडं ठेवून असाच थांबलो होतो, साहेब. 'फुकटचा पगार घेता का?' असं तुम्हीच सर्वांदेखत विचारलं होतंत."